अहल्या कीं अहिल्या?

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या घरीं नातीचें बारसें झालें. पाळणा सजला होता, घुगऱ्यांचे हरभरे भिजत पडले होते, मुलीची आत्या अंगडें-टोपडें घेऊन परगांवाहून आली होती; एवढी सर्व सिद्धता असतां आदल्या रात्रीं असें निष्पन्न झालें कीं, नांवाचाच निश्चय नाहीं. माझ्या कन्येच्या मनांत ‘अहल्या’ हें नांव होतें. तें ऐकून आमच्या विहीणबाई क्षणभर कांहीं बोलल्या नाहींत. मग हलक्या आवाजांत म्हणाल्या, “नांव गोड आहे, मी नाहीं म्हणत नाहीं, पण जिची शिळा झाली तिचें नांव तान्ह्या पोरीच्या कानांत कशाला सांगायचें?”

“महेश्वरच्या अहिल्याबाईंचें म्हणून ठेवूं या,” असा तोडगा आमच्या मंडळींनीं काढला.

“त्यांना तरी काय सुख लागलें? नवरा गेला, मुलगा गेला, लेक डोळ्यांदेखत सती गेली,” विहीणबाई म्हणाल्या. यावर कोणासच कांहीं सुचेना. आणि तीस वर्षें इतिहास शिकविणाऱ्या मनुष्यानें अशा वेळीं कांहीं तरी सांगितलेंच पाहिजे, अशा मुद्रेनें सर्वांनीं माझ्याकडे पाहिलें. त्या रात्रीं जीं पुस्तकें मीं खालीं काढलीं, व पुढें कांहीं आठवडे जीं परत फळीवर गेलीं नाहींत, त्यांतून निघालेला हा मजकूर आहे.

मुलीचें नांव कसें असावें याविषयीं आपल्या शास्त्रकारांनीं नियम घालून दिले आहेत. पारस्कर गृह्यसूत्राप्रमाणें त्यांत अक्षरें विषम असावींत व तें आकारान्त असावें. मनूच्या मतें तें सुखानें उच्चारतां येणारें, क्रूर नसलेलें, स्पष्ट अर्थाचें, मनोहर, मंगल व दीर्घ स्वरांत संपणारें असावें. ‘अहल्या’ हें नांव या कसोट्यांस लावून पाहावें तर अक्षरें तीन, शेवट आकारान्त आणि उच्चार मृदु. अडचण काय ती अर्थाच्या व मांगल्याच्या ठिकाणीं. (नदी, वृक्ष, नक्षत्र व पक्षी यांच्या नांवाची मुलगी वरूं नये, असेंहि हाच मनु सांगतो. महाराष्ट्रानें तो उपदेश कितपत मानला हें आपल्या आज्या-पणज्यांमधील गंगा, गोदा, कृष्णा, भागीरथी, तुळसा, मैना आणि रोहिणी यांची नुसती मोजदाद केली म्हणजे समजतें.)

प्रथम अर्थाकडे वळूं. हल म्हणजे नांगर. त्यावरून ‘हल्य’ म्हणजे नांगरटीसंबंधीं किंवा नांगरण्याजोगें, आणि अहल्या म्हणजे जिला नांगर लागला नाहीं ती भूमि. व्याकरणदृष्ट्या हा अर्थ सरळ आहे. परंतु वाल्मीकि-रामायणाच्या उत्तरकांडांत दुसरीच व्युत्पत्ति दिली आहे. तेथें ‘हल’ याचा अर्थ कुरूपता असा घेतला असून, ब्रह्मदेवानें सर्व प्राण्यांच्या अवयवांतील उत्तम तेवढें निवडून जी स्त्री घडविली, जिच्या ठिकाणीं कुरूपतेचा लेशहि नव्हता, ती अहल्या, असें म्हटलें आहे. कथाकाराला नायिकेचें सौंदर्य नांवांतच दाखवावयाचें होतें. त्यासाठीं त्यानें शब्दावर थोडी बळजबरी केली.

तिसरी व्युत्पत्ति सर्वांत चतुर आहे. शतपथ ब्राह्मणांत सोमयागाच्या प्रसंगीं इंद्राला जी हांक घालावयाची सांगितली आहे, तींत त्याला ‘अहल्येचा जार’ असें संबोधिलें आहे. यज्ञांत देवाला बोलवावयाचें आणि तें अशा विशेषणानें! मीमांसक कुमारिल भट्टांपुढें हा पेंच होता. त्यांनीं तो असा सोडविला: अहल्या म्हणजे रात्र, कारण ती ‘अहनि’ म्हणजे दिवसामध्यें लीन होते, इंद्र म्हणजे सूर्य, आणि तो रात्रीला जीर्ण करतो, म्हणून तिचा जार. मॅक्समुल्लर यांनीं १८५९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या संस्कृत वाङ्मयाच्या इतिहासांत हा उतारा घेतला, आणि पुढें इंग्रजी शिकलेल्या आपल्या दोन-तीन पिढ्या पुराणांवरील आक्षेपांस या रूपकाच्या ढालीनें उत्तर देत आल्या. मलाहि विद्यार्थिदशेंत तें फार आवडे. आतां वाटतें कीं, हें वकिलाचें उत्तर आहे. त्यानें अशील सुटतो, पण घडलें काय हें कळत नाहीं.

नांगराचा अर्थच खरा मानावयास आणखी एक कारण आहे. रवींद्रनाथ ठाकुर यांनीं भारतवर्षाच्या इतिहासाची धारा उकलून दाखवितांना सुचविलें कीं, अहल्या ही नांगर न लागणारी पाषाणमय भूमि, आणि रामानें तिचा उद्धार केला म्हणजे ती लागवडीस आणली. हें मत सर्वांशीं पटो वा न पटो, एक योगायोग खराच विचार करावयास लावणारा आहे. सीता म्हणजे नांगराचा तास. जनकाला ती नांगरतांना सांपडली. आणि राम त्या सीतेकडे मिथिलेस जात असतां वाटेंत, मिथिलेच्या उपवनांतच, त्याला अहल्या भेटते. अनांगरलेल्या भुईची पायरी चढून नांगरलेल्या भुईकडे जावें, अशीच ही वाट आहे. एवढेंच नव्हे, तर जनकाचा पुरोहित शतानंद हा अहल्येचाच पुत्र. रामलक्ष्मण मिथिलेंत पोहोंचल्यावर तो विश्वामित्रास प्रथम विचारतो तें हेंच, कीं माझी आई रामाच्या दृष्टीस पडली का, आणि माझ्या वडिलांनीं तिला पुनः घरांत घेतलें का. संबंध बालकांडांत इतका घरगुती प्रश्न मला दुसरा आठवत नाहीं.

आतां विहीणबाईंच्या शिळेविषयीं. वाल्मीकीच्या बालकांडांत शिळा नाहींच. तेथें गौतम शाप देतो तो असा, कीं तूं या आश्रमांत वायु भक्षण करून, राखेंत पडून, कोणाच्याहि दृष्टीस न पडतां हजारों वर्षें राहशील. म्हणजे ती दगड होत नाहीं. जग तिला पाहीनासें होतें. आणि राम आल्यावर तो तिला पाऊल लावीत नाहीं. राम व लक्ष्मण हे दोघे तिच्या पायांना हात लावून तिला वंदन करतात. तिच्या अपराधाविषयींहि एकाच रामायणांत एकवाक्यता नाहीं. बालकांड म्हणतें कीं, मुनिवेषांतील इंद्राला तिनें ओळखलें होतें; उत्तरकांडांत ती स्वतःच सांगते कीं, मला ठाऊक नव्हतें. शिळा दिसूं लागते ती पुढें. कालिदासाच्या रघुवंशांत ती शिलामयी आहे. आणि भक्तिपंथाच्या रामकथांनीं रामचरणाच्या धुळीचा महिमा गावयास घेतल्यावर तर दगडावांचून चालणेंच अशक्य झालें. ज्या वंदनांत राम वांकला होता तें मागें पडलें, आणि तिनेंच रामाच्या पायाशीं पडावें अशी रचना कायम झाली. आपल्या घरांत भिंतीवर लागलेल्या रंगीत चित्रांतून आपण जी कथा जाणतों ती ही.

महाराष्ट्रापुरती तर आणखी एक कथा आहे, आणि ती आपण विसरलों याचें मला नवल वाटतें. ब्रह्मपुराणांतील गौतमीमाहात्म्य म्हणजे गोदावरीचें माहात्म्य. त्यांत गौतमाच्या शापानें अहल्या शिळा होत नाहीं, कोरडी नदी होते. आणि जेव्हां ती गौतमीला, म्हणजे आपल्या गोदावरीला, येऊन मिळते तेव्हां तिला पूर्वरूप येतें. त्र्यंबकेश्वरीं अहल्या व गोदावरी यांचा संगम आजहि दाखवितात. येथें तिला सोडविणारा कोणी राजपुत्र नाहीं. एका आटलेल्या ओढ्याला दुसरी वाहती नदी भेटली, एवढेंच. दुष्काळी मुलखांतील माणसानें रचावी तशी ही गोष्ट आहे. आमच्याकडे हें नांव टिकलें त्याच्या मुळाशीं ही नदी असेल काय, असें माझ्या मनांत येतें; पण हा केवळ माझा तर्क आहे.

नांव टिकलें होतें हें मात्र निश्चित. रामायणांतील सर्वच नांवें टिकलीं नाहींत. कैकेयी हें नांव पाळण्यांत घातलेलें माझ्या ऐकण्यांत नाहीं. मंथरेची तर गोष्टच सोडा. अहल्या शापित होती, तरी प्रातःस्मरणाच्या श्लोकांत पंचकन्यांमध्यें तिचें नांव पहिलें येतें. द्रौपदी, तारा, मंदोदरी, आणि पाठभेदानें सीता किंवा कुंती, या सर्व तिच्या मागून. ज्यांच्या शुद्धतेविषयीं जगानें शंका घेतली अशाच स्त्रियांचें सकाळीं उठून स्मरण करावें आणि त्यानें पाप जावें, हा आपल्या पूर्वजांचा न्याय मोठा विलक्षण आहे. निवाडा शाप देणाऱ्यांच्या बाजूनें झाला नाहीं, एवढें तरी त्यावरून दिसतें.

आणि मग १७२५ सालीं, आजच्या जामखेड तालुक्यांतील चौंडी या खेड्यांत, माणकोजी शिंदे या पाटलाच्या घरीं मुलगी झाली, तिचें नांव हेंच ठेवण्यांत आलें. घर धनगराचें, तेथें कुमारिल भट्ट कोणी वाचलेले नव्हते. त्या पाटलानें हें नांव कां निवडलें हें विचारणें व्यर्थ आहे. कदाचित् आजीचें असेल, कदाचित् पोथींत ऐकलें असेल. इतिहासाच्या दृष्टीनें महत्त्वाचें एवढेंच कीं, शिळेची कथा घरोघर माहीत असलेल्या त्या काळांत एका सामान्य खेड्यांतील बापाला हें नांव अशुभ वाटलें नाहीं.

पुढील हकीकत वाचकांस ठाऊक आहे. येथें तिची उजळणी करतों ती नांवाच्या संबंधानें. १७३३ मध्यें मल्हारराव होळकरांच्या खंडेरावाशीं लग्न. १७५४ मध्यें कुंभेरीच्या वेढ्यांत खंडेराव गोळा लागून पडले. त्या सती जावयास निघाल्या असतां सासऱ्यांनीं त्यांना मागें ओढलें, आणि दौलतीच्या कामांत घातलें. १७६६ मध्यें मल्हारराव वारले, पुढच्याच वर्षीं मुलगा मालेराव गेला. त्या संधीस राघोबादादा फौज घेऊन माळव्यांत उतरले, आणि बाईंची तयारी व इतर सरदारांचा कल पाहून, आपण दुखवट्यास आलों, असें म्हणून स्वस्थ बसले. तेथून १७९५ पर्यंत, सुमारें अठ्ठावीस वर्षें, नर्मदातीरीं महेश्वरास राहून या स्त्रीनें राज्य केलें. फौजेचा भार तुकोजी होळकरांकडे, पैशाचा हिशेब व न्यायाचें काम स्वतःकडे. औरंगजेबानें १६६९ मध्यें पाडलेल्या काशीविश्वेश्वराचें मंदिर १७८० मध्यें पुनः उभें राहिलें तें त्यांच्या खर्चानें. सोमनाथ, गया, आणि वाटोवाटचे घाट, विहिरी व धर्मशाळा यांची यादी देत बसलों तर हा लेख संपावयाचा नाहीं. त्यांच्या राज्याबाहेरच्या मुलखांतलीं हीं कामें आहेत, एवढें लक्षांत ठेवलें म्हणजे पुरे. ज्या गांवांत होळकरांचा एक स्वार नव्हता, तेथेंहि हें नांव पाण्याच्या कांठीं जाऊन बसलें.

सर जॉन माल्कम यांनीं १८१८ नंतर मध्य हिंदुस्थानांत फिरून, बाईंना पाहिलेल्या लोकांकडून ज्या हकीकती मिळविल्या त्या त्यांनीं १८२३ च्या आपल्या ग्रंथांत नोंदविल्या आहेत. त्यांतील दोन गोष्टी या विषयास धरून आहेत. एका ब्राह्मणानें बाईंच्या स्तुतीचा ग्रंथ रचून त्यांना वाचून दाखविला. त्यांनीं तो शांतपणें ऐकून घेतला. मग, आपण एक दुबळी पापी बाई आहों, ही स्तुति आपणांस शोभत नाहीं, असें म्हणून तो ग्रंथ नर्मदेंत टाकविला, आणि ग्रंथकर्त्याकडे पुनः लक्ष दिलें नाहीं. आपल्या नांवाविषयीं त्यांची वृत्ति ही अशी होती. राज्य शंकराचें, आपण केवळ कारभारी, म्हणून त्यांच्या आज्ञापत्रांवर ‘श्रीशंकर’ असें लिहिलें जाई, हें तर प्रसिद्धच आहे. जिनें हें नांव उजळलें तिनें तें कागदावर घालण्याचेंहि टाळावें!

दुसरी गोष्ट विहीणबाईंनीं काढली तीच. नातू गेला, त्यामागून जांवई गेले, आणि १७९१ मध्यें मुक्ताबाईंनीं सती जाण्याचा निश्चय केला. आईनें परोपरीनें विनविलें, मुलगी ऐकेना. ज्या स्त्रीला स्वतः चितेवरून परत आणण्यांत आलें होतें, जिच्या शब्दानें माळवा हलत असे, तिचा शब्द येथें चालला नाहीं. माल्कम लिहितात कीं, त्या शेवटपर्यंत तेथें उभ्या राहिल्या. दोन ब्राह्मणांनीं त्यांचे हात धरून ठेविले होते. नंतर त्यांनीं नर्मदेंत स्नान केलें, आणि तीन दिवस जवळजवळ अन्न घेतलें नाहीं व शब्द बोलल्या नाहींत. मग त्या पुनः दरबाराच्या कामास लागल्या. कालिदासाची शिलामयी अहल्या मला कधीं खरी वाटली नाहीं. हे तीन दिवस वाचतांना मात्र त्या शब्दाचा अर्थ कळतो.

लोकांनीं त्यांना ‘पुण्यश्लोक’ ही पदवी दिली. ही पदवी कोठून आली हें पाहण्याजोगें आहे. पंचकन्यांच्या श्लोकाच्या जोडीनेंच सकाळीं आणखी एक श्लोक म्हणण्याचा परिपाठ आहे. त्यांत नल, युधिष्ठिर, वैदेही व जनार्दन यांना पुण्यश्लोक म्हटलें आहे. एक श्लोक पौराणिक अहल्येला मिळाला होता, तेथें स्मरण पापनाशासाठीं. दुसऱ्यांत चौंडीची अहिल्या जाऊन बसली, आणि तेथें पापाचा प्रश्नच नाहीं. हा बदल कोणा पंडितानें व्युत्पत्ति लावून केला नाहीं. नांव तेंच होतें. तें वागविणारी स्त्री दुसरी होती.

मीं आतांच ‘चौंडीची अहिल्या’ असें लिहिलें. संस्कृत रूप अहल्या. ‘ह’ला वेलांटी नाहीं. मराठी तोंडाला पुढील यकाराची ओढ लागते आणि मधल्या अकाराचा इकार होतो, एवढें त्याचें साधें कारण. कौसल्येची कौशल्या झाली, अनसूयेची अनुसया झाली, तशीच ही अहिल्या. अनुसयेच्या बाबतींत त्यामुळें अर्थच हरवला, कारण ‘जिच्या ठिकाणीं असूया नाहीं ती’ हें त्यांतून दिसेनासें झालें. अहिल्येच्या बाबतींत नांगर नाहींसा झाला; पण या हानीचा उलट लाभच झाला असें मला वाटतें. वेलांटीसहित उच्चारलें कीं इंद्रहि आठवत नाहीं व गौतमहि. पांढरें लुगडें नेसलेली, हातावर शिवलिंग घेतलेली महेश्वरची बाईच डोळ्यांपुढें येते. तोच शब्द वेलांटी काढून लिहा, कीं पुराण परत आलें.

नांवाची लोकप्रियता मोजावयाची तरी कशी? स्कॉटलंडच्या जोआना बेली या कवयित्रीनें १८४९ मध्यें बाईंवर इंग्रजींत काव्य छापलें, ही एक बाजू. दुसरी बाजू घरांतली. पुण्याच्या रणदिवे यांच्या सुशिक्षित घरांत १९२२ सालीं जन्मलेल्या मुलीचें नांव अहिल्या ठेविलें गेलें. त्याच पुढें कम्युनिस्ट पुढारी अहिल्या रांगणेकर म्हणून गाजल्या, महागाईविरुद्ध मुंबईच्या बायकांचे लाटणें-मोर्चे त्यांनीं मृणाल गोरे यांच्या बरोबरीनें काढले, आणि १९७७ मध्यें त्या लोकसभेवर निवडून आल्या. म्हणजे त्या काळीं हें नांव शहरी पांढरपेशा घरांतहि नवलाचें नव्हतें. परंतु माझ्या स्वतःच्या अध्यापनाच्या काळांत हजेरीपटावर अहिल्या मला दोनदांच आढळली, आणि त्या दोघीहि खेड्यांतून आलेल्या होत्या. मध्यमवर्गानें आधीं बंगाली कादंबऱ्यांतून, मग नाटकांतून, मग चित्रपटांतून, आणि अलीकडे कोठून तें देवास ठाऊक, नवीं नवीं नांवें आणलीं. त्यांत हें मागें पडलें.

मौज अशी कीं, पाळण्यांतून हें नांव जसजसें उतरत गेलें तसतसें तें पाट्यांवर चढत गेलें. इंदूरच्या विद्यापीठास १९८८ मध्यें तें मिळालें, तेथील विमानतळास मिळालें, सोलापूरच्या विद्यापीठास २०१९ मध्यें, आणि २०२४ सालीं तर अहमद निजामशहानें वसविलेल्या अहमदनगराचें, ज्या जिल्ह्यांत चौंडी आहे त्या जिल्ह्यासह, अहिल्यानगर झालें. नामांतराच्या बऱ्यावाईटाचा वाद येथें नको. मला एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, विद्यापीठाला, विमानतळाला आणि जिल्ह्याला जें नांव आपण आनंदानें देतों, तें आपल्या मुलीला द्यावयास कचरतों. पूर्वी शापाची भीति असेल. आतां जुनाटपणाची आहे, किंवा मोठेपणाचीहि असेल. एवढ्या थोर बाईचें नांव घेऊन पोरगी परीक्षेंत नापास झाली तर, अशी शंका आमच्या एका स्नेह्यांनीं खरोखरीच बोलून दाखविली.

यांतील शिळेचा आणि नदीचा भाग मीं बारशाच्या सकाळीं विहीणबाईंना सांगितला. रामानें अहल्येचे पाय धरले, हें त्यांनीं दोनदां विचारून घेतलें. “पोथींत असें नाहीं,” त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळानें, “पण असायला हवें होतें.” दुःखाच्या आक्षेपाला मात्र माझ्या पुस्तकांत उत्तर नव्हतें, आणि तसें मीं कबूल केलें. उत्तर दिलें तें माझ्या कन्येनें. मुलीला मांडीवर थोपटीत ती म्हणाली, “आई, सुख लागलेल्या बाईचेंच नांव ठेवायचें म्हटलें तर सीतेचें तरी कोणी कशाला ठेवील?” हें ऐकून आमची मंडळी तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरांत गेली, कारण विहीणबाईंचें माहेरचें नांव सीतेच्याच नांवांपैकीं एक आहे. विहीणबाई स्वतःच आधीं हंसल्या, आणि त्यांनींच आत्याबाईंना पाळण्याकडे पिटाळलें.

जन्माची नोंद करावयास गेलों तेव्हां तेथील कारकुनानें मान वर न करतां विचारलें, “अहल्या, कीं अहिल्या?” माझ्या जिभेवर संस्कृत रूप आलेंच होतें. पण माझी कन्या बरोबर होती. ती म्हणाली, “‘ह’ला पहिली वेलांटी द्या,” आणि त्यानें ती दिली.